पितळेच्या नदीतला स्फोट

त्याला सगळे लांबण म्हणत, आणि त्याचा त्याला राग येत नसे. कुणी नवीन गिऱ्हाईक 'हे असलं कसलं हो नाव?' असं विचारायचं, तेव्हा तो हातातली हातोडी खाली ठेवायचा, ओठांत धरलेले बारीक खिळे एकेक करून डबीत टाकायचा आणि सांगायला बसायचा. त्याचं सांगून संपायच्या आत गिऱ्हाइकाला उत्तर मिळालेलं असायचं.

धंदा जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, मागे मोरी, आणि मधे लोकांच्या घरचे पोट फाडून ठेवलेले सोफे. एका फळीवर कापडाचे नमुने आणि दुसऱ्या फळीवर, खास जागेवर, एक जुना टेपरेकॉर्डर. हात मात्र असा की त्याने मढवलेली खुर्ची वर्षानुवर्षं हूं की चूं करायची नाही. माणूस निर्व्यसनी, शब्दाला पक्का. खोड एकच होती. त्याला गाणी आवडायची, आणि ती सुद्धा साधी, चार कडव्यांची, शहाणीसुरती गाणी नव्हेत. त्याला लागायचं प्रोग्रेसिव्ह रॉक.

हे काय असतं ते इथे थोडक्यात सांगून टाकलेलं बरं, कारण लांबणला विचारलं तर दिवस मावळायचा. फार वर्षांपूर्वी लांब केसांच्या काही पोरांना वाटलं की तीन मिनिटांत गाणं उरकणं हा गाण्याचा अपमान आहे. मग त्यांनी रेकॉर्डची अख्खी बाजू खाऊन टाकणारी गाणी केली. त्यांत सात-सात भाग. मधेच ड्रम थांबणार, मधेच ऑर्गन सुटणार, ताल असा की टाळी वाजवायला जावं तर हात हवेतच राहावेत. गाणारा माणूस सुरुवातीला एकदा येतो आणि शेवटी एकदा. मधल्या वेळात तो बहुतेक जेवून येत असावा.

लांबणला हे वेड लागलं सासऱ्यांमुळे, आणि तेव्हा ते सासरे नव्हते, गिऱ्हाईक होते. त्यांच्या खुर्चीची स्प्रिंग वर आली होती. खुर्ची जड, उंच पाठीची, रुंद हातांची, आणि ती दुकानात न्यायची नाही, घरीच दुरुस्त करायची, असा त्यांचा हट्ट. तरुण लांबण बाहेरच्या खोलीत गुडघे टेकून ठोकाठोक करत होता आणि मालकांनी रेकॉर्ड लावली. 'पितळेची नदी' तिचं नाव. ती डोंगरात उगम पावते, शहरातून जाते, रागावते, आणि समुद्र समोर दिसत असताना चक्क मागे फिरते. का मागे फिरते ते गाण्यात सांगितलेलं नाही. पुढे ते लांबणने सांगितलं, हजारदा.

ठोकता ठोकता त्याचा हात मंदावला. घटकाभराचं काम, पण एका स्प्रिंगला त्याने दुपार लावली.

"काय हो, अजून किती वेळ?" मालकांनी विचारलं.

"स्प्रिंग बसायला वेळ घेते, साहेब."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सुई उचलून परत रेकॉर्डच्या सुरुवातीला ठेवली. "मग बसू दे नीट," ते म्हणाले. स्प्रिंग कधीच बसली होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

हे मालक म्हणजे ग्रंथपाल. 'शांतता राखा' असं सांगून पोट भरणारा माणूस, आणि नशिबाची थट्टा बघा, शिंक अशी की वाचनालयात ते शिंकले की दोन कपाटांपलीकडच्या वाचकाच्या हातून पुस्तक पडायचं. तक्रारी झाल्या. वरिष्ठांनी त्यांना वरच्या मजल्यावरून काढून तळमजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत टाकलं. तिथे धूळ जास्त, म्हणून शिंका वाढल्या. घरी बायको 'रुमाल!' म्हणून ओरडायची, शेजारी भिंतीवर थापा मारायचे. शिंक येणार असं वाटलं की ते चोरासारखे इकडेतिकडे बघायचे आणि येऊन गेली की कितीतरी वेळ मान खाली घालून गप्प बसायचे. एरवी माणूस गोगलगाय, आणि तीही पोटात पाय नसलेली.

तर या गोगलगाईने लांबणला म्हटलं, "तुम्हाला टेप करून देतो." एका रविवारी त्यांनी बायको-मुलींना बाहेर पिटाळलं, खिडक्या लावल्या, दारावर माळ्यावरचं घोंगडं टांगलं, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि स्वतः खुर्चीत श्वास धरून बसले. अशी ती टेप झाली. पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या एका सभासदाने 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून नदीची रेकॉर्ड नेली, ती आजतागायत येतेय. दुसऱ्यांच्या पुस्तकांमागे आयुष्य घालवलेल्या माणसाची स्वतःची रेकॉर्ड गेली ती गेलीच.

टेप ऐकून लांबण धावतच आला. "साहेब, तो मधला स्फोट! अहो, माझ्याच ठोकाठोकीत त्या दिवशी मला ऐकूच आला नाही!"

"कुठला स्फोट?" ग्रंथपालांनी दचकून विचारलं.

लांबणने डोळे मिटले. "सगळी वाद्यं खाली बसलेली असतात. मग लांबून एक माणसाचा आवाज उठतो. आ... आ... शब्द नाहीत, नुसतं दुःख. वर चढतो, अजून वर, आणि अडतो. नदी श्वास धरून उभी. आणि मग स्फोट! छातीत धस्स होतं, साहेब. बरं, तिथे संपत नाही. सगळं शांत झाल्यावर काचेचा एकच थेंब पडतो. टिण्! आणि मग कर्रर्र, नाव काठाला लागते. हे सुचायला डोकं पुरत नाही हो, काळीज लागतं."

ग्रंथपालांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. त्यांचे कान लाल झाले होते. "सांगा बरं परत," ते म्हणाले. "कसा आहे म्हणालात?"

लांबणने परत सांगितलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'परत सांगा' म्हणत होतं. बाकीचे सगळे 'बरं बरं, कळलं' म्हणणारे. वडील त्याचे लहानपणीच गेले, आईला ऐकायला वेळ नव्हता, आणि गिऱ्हाइकं सोफा कधी मिळेल तेवढंच विचारायची. मग त्या खुर्चीची स्प्रिंग सारखी बिघडायला लागली. धाकटी मुलगी चहा आणून द्यायची. "या खुर्चीला झालंय तरी काय?" तिने एकदा विचारलं. लांबणने उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्या उत्तराच्या शेवटी दोघांचं लग्न झालं. तिची अट एकच होती, ती टेप दुकानात राहील, घरात येणार नाही. लांबणने ती शेवटपर्यंत पाळली.

थोरलीचा नवरा, म्हणजे लांबणचा साडू, लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि सासऱ्यांच्या इमारतीतली लिफ्टही त्याच्याच देखरेखीखाली, ती मात्र कायम बंद. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्यालाही सासऱ्यांनी बिघडवलं होतं, पण दुसऱ्या रेकॉर्डने. 'तळघरातला सूर्य' ती. तळघरात कोंडलेला सूर्य एकेक मजला चढत शेवटी गच्चीवर उगवतो, एवढीच गोष्ट, पण ऑर्गन असा की घरातली भांडी थरथरायची. सूर्य लागला की लिफ्टवाला ताठ बसायचा. नदी लागली की त्याला हटकून डुलकी लागायची. नदीतला स्फोट त्याने पहिल्यांदा ऐकला तो लांबणच्या दुकानात, टेपवर.

हे दोघे साडू एकत्र आले की आधी तब्येतपाणी व्हायचं. मग एकजण घसा साफ करायचा. बायका लगेच उठून आत जायच्या.

"तुमची नदी म्हणजे काय हो, साडूभाऊ," लिफ्टवाला सुरू करायचा. "दर मजल्यावर थांबते. दार उघडतं, कुणी आत येत नाही, दार बंद. आमचा सूर्य बघा. तळघरातून निघाला की थेट गच्ची!"

"थेट गच्चीवरच जायचं तर शिडी घ्या ना, गाणं कशाला ऐकता?" लांबण म्हणायचा. "गाण्याला थर पाहिजेत. खाली पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, त्यावर काथ्या, काथ्यावर फोम, मग कापड. तुमचा सूर्य म्हणजे नुसत्या फळीवर चादर. दिसतं झकास, बसलं की कळतं."

"तुमच्यावर बसलेला माणूस उठतच नाही. घोरतो."

"आणि स्फोट? स्फोटाला काय उत्तर आहे तुमच्याकडे?"

"बेसूर आहे तो," लिफ्टवाला ठणकावून सांगायचा. "कारण नसताना दचकवायचं. दोर तुटल्यासारखं. ज्याने कुणी तो वाजवला ना, त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसणार."

यावर खुर्चीतले सासरे खिडकीबाहेर बघायचे. मग लांबणकडे वळून म्हणायचे, "तुम्ही सांगा बरं परत, कसा आहे तो?" आणि लांबण परत सांगायचा, दरवेळी थोडी भर घालून. काळ लोटला, केस पांढरे झाले, दोघांच्या मुलांची मुलं रांगायला लागली, तरी नदी की सूर्य याचा निकाल लागला नाही. लावायचाच नव्हता म्हणा. लागला असता तर दोघांनी बोलायचं कशावर?

मग सासरे गेले. वयाने गेले, फारसा त्रास न देता, होते तसेच आवाज न करता. वर्षभराने सासूबाईंनी ते मोठं घर सोडून मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. सगळं सामान तिकडे गेलं, खुर्ची मात्र जाईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली, पण नव्या घराचं दार अरुंद. "घेऊन जा दोघांपैकी कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथेच ठिणगी पडली.

"ही खुर्ची मी तीनदा मढवलीय," लांबण म्हणाला. "हिची आतडी न् आतडी मला ठाऊक आहेत." हे खरं होतं. तीनदा कापड बदललं, स्प्रिंगा बदलल्या, पण मागच्या डाव्या पायाची एक करकर त्याला कधी काढता आली नव्हती. त्याच्या सबंध कारकिर्दीतली तेवढी एकच खुर्ची त्याला पुरून उरली होती.

"आणि बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा खुर्चीसकट चार मजले उतरवून कुणी आणलं? मी!" लिफ्टवाला म्हणाला.

"लिफ्ट बंद होती म्हणून उतरवावं लागलं. ती कुणाची जबाबदारी होती?"

"सुटा भाग मिळत नव्हता!"

"बारा महिने?"

दोन्ही बहिणी आपापल्या नवऱ्याला चिमटे काढून थकल्या. लिफ्टवाल्याला खुर्ची मानाची म्हणून हवी होती, थोरला जावई आहे, घरात ठेवीन, लोकांना दाखवीन. लांबणला तो मान-बिन काही नको होता. त्याला परत सांगा म्हणणारा एकच माणूस आयुष्यात भेटला होता, आणि तो त्या खुर्चीत बसायचा. खुर्ची दुसऱ्याच्या घरी गेली की तो माणूस पुरता गेला, असं त्याला वाटत होतं. पण हे एवढं सोपं वाक्य त्या बोलघेवड्याला तोंडातून काढता येईना. तो आपला फोम आणि काथ्या सांगत बसला.

शेवटी सासूबाई वैतागल्या. "असं करा," त्या म्हणाल्या, "जन्मभर ज्या गोष्टीवरून भांडलात तिचाच सोक्षमोक्ष लावा. ज्याचं गाणं चांगलं त्याची खुर्ची. रविवारी या. मी ऐकते."

"आई, तुम्ही?"

"का? मला काय कान नाहीत?"

रविवारी रिकाम्या झालेल्या जुन्या घरात सगळे जमले. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन, कोपऱ्यात शेवटचे दोन खोके, आणि मधोमध खुर्ची. लिफ्टवाल्याने फोन आणला होता आणि त्याला जोडायला नवाकोरा स्पीकर. दोन्ही गाणी त्याने फोनवर शोधून ठेवली होती.

"फोनवर नदी?" लांबण भडकला. "बादलीत कुणी पोहतं का? माझी टेप आहे खिशात. बाबांचा टेपरेकॉर्डर त्या खोक्यात आहे, तो काढा."

"दोघांना एकच यंत्र," सासूबाईंनी निकाल दिला. "उगाच नंतर कुरकुर नको."

आधी सूर्य झाला. सासूबाई राहिलेल्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत ऐकत होत्या. सूर्य गच्चीवर पोचला तसा लिफ्टवाला विजयी मुद्रेने उभा राहिला. "बरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "मिक्सर चालल्यासारखं वाटतं, पण मिक्सर चांगल्या कंपनीचा आहे." मग त्या उरलेल्या कपबशा धुवायला स्वयंपाकघरात गेल्या. "लावा पुढचं, मला आत ऐकू येतं."

नदी सुरू झाली. लांबण दाराच्या चौकटीत उभा राहून आतबाहेर दोन्हीकडे ऐकू जाईल असं समजावून सांगत होता. हा डोंगर. हे शहर. हा बघा, थर चढतोय. लिफ्टवाल्याला डुलकी आली, थोरलीने त्याला ढोसलं. वाद्यं एकेक करून खाली बसली. लांबणने बोट वर केलं. "आता," तो कुजबुजला. "सगळ्यांनी श्वास धरा."

सगळ्यांनी धरला.

ऑर्गन मंद वाजत राहिला. पुढे बासरी आली. बासरी गेली, ड्रम आले, आणि नदी खाली मान घालून समुद्राच्या दिशेने चालू लागली. लांबणचं बोट तसंच वर.

"झाला का स्फोट?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"फोनने गाळला!" लांबण ओरडला. "बघा! म्हणूनच मी म्हणत होतो! या लोकांनी मधला जीवच कापून टाकलाय!"

"अहो, हे मूळ गाणं आहे," लिफ्टवाला खडबडून म्हणाला. "यात स्फोट नाही. कुठेच नाही. मी घरी दोनदा तपासलंय." बघा म्हणजे, गडी तयारीनेच आला होता.

लांबणने खोका फोडला, टेपरेकॉर्डर काढला, खिशातली टेप आत घातली आणि पुढे पळवत नेमकी त्या जागी आणली. एवढ्या वर्षांत त्याच्या अंगठ्याला ती जागा पाठ झाली होती. खरखर झाली. वाद्यं खाली बसली. आणि उठला तो आवाज, लांबून, दुःखाने भरलेला. आ... आ... वर चढला, अडला, आणि रिकाम्या घराच्या भिंती हादरवत स्फोट झाला.

"रुमाल!" आतून सासूबाई कडाडल्या.

टिण् करून काचेचा थेंब पडला. कर्रर्र करून नाव काठाला लागली.

सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग टेपरेकॉर्डरकडे. "हे..." त्या म्हणाल्या. "ही यांची शिंक आहे."

"आई, ही कला आहे," लांबण केविलवाणा होऊन म्हणाला.

"सगळा संसार ऐकलीय मी ही कला! तो टिण् म्हणजे चष्मा पडला. दरवेळी पडायचा. घोंगडं टांगलं होतं ना त्या दिवशी? माळ्यावरचं? त्याच्यातली धूळ मी सुद्धा सोसली नसती."

धाकटी पहिल्यांदा फुटली. मग थोरली. दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून अशा हसल्या की त्यांना उभं राहवेना, आणि हसता हसता डोळ्यांतून कधी पाणी यायला लागलं ते त्यांनाही कळलं नाही. "बाबा!" धाकटी म्हणाली. "अगं, आपले बाबा!" लिफ्टवाला पोट धरून मागे सरकला आणि धप्पदिशी खुर्चीत बसला. खुर्ची कर्रर्र वाजली.

लांबणचा चेहरा पांढराफटक पडला. तीच करकर, मागच्या डाव्या पायाची. तीनदा खुर्ची खोलली, ती सापडली नाही, आणि तीच करकर तो जगाला 'नाव काठाला लागते' म्हणून सांगत फिरला. शिंक ओळखली नाही ते एक वेळ ठीक, पण स्वतःची खुर्ची ओळखू नये? तो तिथेच खोक्यावर बसला.

"सूर्य जिंकला," तो म्हणाला. "न्या खुर्ची." बस, एवढंच. लांबणच्या तोंडून एवढं छोटं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. दोघी बहिणींचं हसू थांबलं.

"बाबांना माहीत होतं," लांबण म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी मला परत परत सांगायला लावायचे. मजा बघत होते माझी." जन्मभराचं तेवढंच एक सुख, ते सुद्धा थट्टा निघालं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "मजा?" त्या म्हणाल्या. "अहो, त्या शिंकेपायी त्या माणसाने जन्मभर बोलणी खाल्ली. कचेरीत साहेबांची, इथे शेजाऱ्यांची, घरात माझी. शिंक आली की तोंड लपवायचे, लहान पोरासारखे. आणि तुम्ही येऊन गेलात की दोन-दोन दिवस खुशीत. शीळ काय घालायचे, मला भाजी काय चिरून द्यायचे. मी विचारायचे, अहो झालंय काय? तर म्हणायचे, धाकट्या जावयाला संगीत कळतं."

टेप अजून चालूच होती, नदी समुद्र बघून मागे फिरत होती.

"खुर्ची लांबणरावांची," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई," लिफ्टवाला खुर्चीतूनच म्हणाला, "नदीत तर स्फोट नाहीच, आताच सिद्ध झालं. मग सूर्याचं काय?"

"तुमचा सूर्य चांगलाच आहे हो. पण त्याच्यात आपल्या घरचं कुणी नाही, त्याला मी काय करू?" मग त्या जराशा तीक्ष्ण झाल्या. "आणि बेसूर कोण म्हणत होतं यांना? संगीतातलं ओ की ठो कळत नाही म्हणून?"

लिफ्टवाला मुकाट्याने खुर्चीतून उठला.

खुर्ची दुकानात आली, कारण घरी जागा नाही असं धाकटीने सांगितलं. लांबणने ती टेपरेकॉर्डरसमोर ठेवली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. पण त्याचं काहीतरी बिनसलं होतं. टेप लावेना. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर 'हो', 'नाही', 'गुरुवारी या'. सोफे वेळेआधी तयार व्हायला लागले, तसे लोक घाबरले. नदीचं नाव काढायला त्याला लाज वाटत होती. शिंकेला कला म्हणणारा माणूस आता कुठल्या तोंडाने बोलणार? धाकटीने तर एकदा स्वतःहून म्हटलं, "आणा ती टेप घरी," तरीही नाही.

एका दुपारी लिफ्टवाला आला. तब्येतपाणी झालं. त्याने घसा साफ केला, लांबणने मान वर केली नाही. तो एका सोफ्याच्या पाठीला खिळे ठोकत होता, ओठांत आणखी पाच-सहा.

"सूर्याचा तिसरा भाग जरा लांबलाय," लिफ्टवाला म्हणाला. "परवा ऐकताना जाणवलं." एवढी मोठी कबुली त्याने जन्मात दिली नव्हती. लांबणने पुढचा खिळा ठोकला.

लिफ्टवाल्याने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग न विचारता जाऊन खुर्चीत बसला. कर्रर्र. त्याने पुढे वाकून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, मागे टेकला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "मधे एक जागा येते ना, स्फोटाची. सांगा बरं परत. कशी आहे म्हणालात?"

हातोडी थांबली. लांबणने त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. मग हातोडी खाली ठेवली, ओठांतले खिळे एकेक करून डबीत टाकले आणि डोळे मिटले.

"आधी सगळी वाद्यं खाली बसतात," तो म्हणाला. "मग लांबून आपले बाबा येतात."